पाण्यात न विरघळणाऱ्या औषधाचे नॅनोइमल्शन कसे विकसित करावे: फेनोफायब्रेटच्या उदाहरणासह

डेटॉलचे चार थेंब पाण्यात टाकले की पाणी क्षणात दुधाळ होते. बाटलीत पाइनचे तेल अल्कोहोल आणि साबणाच्या आधाराने विरघळलेले असते. पाण्यात पडताच अल्कोहोल पाण्याकडे निघून जाते आणि तेल असंख्य बारीक थेंबांत फुटते. पाण्यात न विरघळणारे औषध तेलात विरघळवून ते तेल अशाच, पण कितीतरी लहान आणि टिकाऊ थेंबांच्या रूपात पाण्यात विखुरणे, हे नॅनोइमल्शनमागचे तत्त्व आहे. थेंबांचा व्यास साधारणपणे २० ते २०० नॅनोमीटर असतो. १०० नॅनोमीटर व्यासाच्या थेंबांत फोडलेल्या एक मिलिलिटर तेलाचे एकूण पृष्ठफळ सुमारे ६० चौरस मीटर भरते. हे सारे पृष्ठफळ सर्फॅक्टंटने, म्हणजे तेल व पाणी यांच्या सीमेवर बसणाऱ्या साबणासारख्या पदार्थाने, झाकावे लागते, आणि पुढच्या बहुतेक अडचणी येथूनच सुरू होतात.

हे मार्गदर्शन औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिले आहे. उदाहरणासाठी रक्तातील मेद कमी करणारे फेनोफायब्रेट घेतले आहे. त्याची पाण्यातील विद्राव्यता मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी आहे, लॉग पी (औषधाचा पाण्यापेक्षा तेलाकडे असलेला ओढा दाखवणारा आकडा) सुमारे ५.२ आहे, ते सुमारे ८० अंश सेल्सिअसला वितळते, आणि रेणूवर आयनीभवन होणारा गट नसल्याने सामू बदलून त्याची विद्राव्यता वाढवता येत नाही. जठरांत्रातून ते सहज शोषले जाते. अडते ते विरघळण्यापाशी. म्हणजे १९९५ मध्ये अ‍ॅमिडॉन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या जैवऔषधी वर्गीकरणातील दुसऱ्या वर्गाचे हे सरळ उदाहरण आहे. या औषधाला कणांचा आकार किती महत्त्वाचा आहे हे बाजारानेच दाखवून दिले आहे: साध्या भुकटीची ३०० मिलिग्रॅमची मात्रा सूक्ष्म केलेल्या भुकटीत २०० मिलिग्रॅमवर आली आणि नॅनोस्फटिकांच्या गोळीत १४५ मिलिग्रॅमवर.

औषध या मार्गाला योग्य आहे का

पाण्यात न विरघळणारी सगळी औषधे तेलात विरघळतात, हा समज पहिल्याच आठवड्यात दूर करावा. काही रेणू पाण्याला दूर ठेवतात, पण त्यांचा स्फटिक सैल असतो. अशी औषधे तेलात चांगली विरघळतात आणि फेनोफायब्रेट त्यांतलेच आहे. दुसऱ्या प्रकारच्या औषधांचा स्फटिकच इतका घट्ट असतो की तो पाण्यातही सुटत नाही आणि तेलातही सुटत नाही. वितळणबिंदू २०० अंशांच्या पुढे आणि लॉग पी २ च्या आसपास असेल, तर नॅनोइमल्शनचा आग्रह सोडून नॅनोस्फटिक किंवा अस्फटिकी घन विखुरण यांचा विचार करावा. हळदीतील कर्क्युमिन हा आपल्याकडच्या प्रबंधांचा आवडता विषय आहे. परंतु त्याची अडचण केवळ विद्राव्यतेची नाही. ते आम्लारी सामूला विघटित होते, उजेडात टिकत नाही आणि आतड्याच्या भिंतीत व यकृतात लगेच ग्लुकुरोनाइडमध्ये बदलते. थेंब कितीही लहान केला तरी यातील शेवटची अडचण तशीच राहते.

त्यानंतर मात्रेचे गणित कागदावर मांडावे. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत दुर्लक्षित पायरी हीच आहे. समजा, आपल्या मोजणीत निवडलेल्या तेलाच्या एका ग्रॅममध्ये २५ अंशांना ७० मिलिग्रॅम फेनोफायब्रेट विरघळले. तापमान थोडे खाली आले तरी औषध बाहेर पडू नये म्हणून त्यातील ७० ते ८० टक्क्यांपर्यंतच, म्हणजे ग्रॅमला सुमारे ५० मिलिग्रॅमच भरावे. तेल १० टक्के असेल तर १०० ग्रॅम नॅनोइमल्शनमध्ये अर्धा ग्रॅम औषध बसते आणि १४५ मिलिग्रॅमच्या मात्रेसाठी रुग्णाला २९ ग्रॅम द्रव प्यावे लागते. हेच पाणी वगळून, ४० टक्के तेल असलेल्या संहत मिश्रणाच्या रूपात ०.९ ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये भरले, तर तेलात जेमतेम १८ मिलिग्रॅम औषध मावते. म्हणून फेनोफायब्रेट हे तंत्र शिकण्यासाठी उत्तम असले, तरी कॅप्सूलच्या दृष्टीने ते गैरसोयीचे उमेदवार आहे. मात्रा काही मिलिग्रॅमची असणाऱ्या औषधांना हे गणित सहज जमते. तेलातील विद्राव्यता जास्त असेल तर मोठी मात्राही बसू शकते: सायक्लोस्पोरिनचे निओरल हे २५ आणि १०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये मिळणारे संहत मिश्रण त्याचे जुने, यशस्वी उदाहरण आहे.

तेलाची निवड

प्रत्येक तेलाचे दोन मिलिलिटर झाकणाच्या कुपीत घेऊन त्यात जादा औषध घालावे, कुपी २५ अंशांवर ७२ तास हलवत ठेवाव्यात आणि तळाशी न विरघळलेले औषध शिल्लक आहे याची खात्री करावी. ते शिल्लक नसेल तर मोजलेला आकडा विद्राव्यतेचा नसून आपण घातलेल्या औषधाचा असतो. नंतर केंद्रापसारक यंत्रात फिरवून वरचा भाग ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळावा, आयसोप्रोपॅनॉलसारख्या तेलासकट मिसळणाऱ्या द्रावकात विरळ करावा आणि उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखनाने (एचपीएलसी) मोजावा. फेनोफायब्रेट २८६ नॅनोमीटरच्या आसपास चांगले दिसते. केवळ वर्णपटमापीवर विसंबायचे असल्यास औषध नसलेल्या त्याच तेलाचा कोरा नमुना अनिवार्य आहे, कारण काही तेले आणि ट्वीनसारखे सर्फॅक्टंट स्वतःच त्या टप्प्यात प्रकाश शोषतात. आणखी एक व्यावहारिक बाब: मे महिन्यात कोकणातल्या प्रयोगशाळेचे तापमान २५ अंश नसते. तापमान नियंत्रित केलेले नसेल तर प्रत्यक्ष मोजलेले तापमान नोंदवावे. ‘कक्ष तापमान’ एवढेच लिहून भागत नाही.

सर्वांत जास्त औषध विरघळवणारे तेलच निवडावे असे नाही. कॅप्रिलिक आम्लाच्या मोनोग्लिसराइडसारखे ध्रुवीय तेल औषध जास्त घेते, परंतु ते स्वतःच पाण्यात थोडे विरघळते, आणि त्यामुळे लहान थेंबांतील तेल पाण्यातून झिरपत मोठ्या थेंबांकडे जाते. याला ओस्टवाल्ड परिपक्वन म्हणतात. लवंग किंवा निलगिरीच्या तेलात हा दोष ठळकपणे दिसतो: सकाळी ४० नॅनोमीटर असलेला नमुना काही दिवसांत दुधाळ होतो. अशा तेलात लांब साखळीचे ट्रायग्लिसराइड, उदाहरणार्थ सोयाबीन तेल, काही प्रमाणात मिसळले तर हे स्थलांतर मंदावते. मध्यम साखळीचे ट्रायग्लिसराइड हा बहुतेक वेळा चांगला मध्यममार्ग ठरतो: ते पाण्यात नगण्य विरघळते, खवट होत नाही आणि त्याची श्यानता कमी असल्याने थेंब सहज फुटतात. लॉग पी ५ च्या वर असून लांब साखळीच्या तेलात औषध ग्रॅमला ५० मिलिग्रॅमहून अधिक विरघळत असेल, तर लसीकावाहिन्यांतून शोषणाची शक्यता राहते. तेव्हा मात्र सोयाबीन किंवा तिळाच्या तेलाचा वेगळा विचार करावा.

सर्फॅक्टंट

एचएलबी हा सर्फॅक्टंटचा कल पाण्याकडे किती आणि तेलाकडे किती हे सांगणारा आकडा आहे; तो जितका मोठा, तितका कल पाण्याकडे. तेलाला अनुरूप एचएलबी मूल्य मिळवण्यासाठी दोन सर्फॅक्टंट मिसळतात. ट्वीन ८० चे मूल्य १५ आणि स्पॅन ८० चे ४.३ आहे. तेलाला ११ हे मूल्य हवे आहे असे धरले, तर ट्वीनचा वाटा ६.७ भागिले १०.७, म्हणजे सुमारे ६३ टक्के, आणि उरलेले ३७ टक्के स्पॅन. एचएलबी हा सुरुवातीचा अंदाज आहे. या मूल्याच्या दोन्ही बाजूंना एकेक अंकाच्या अंतराने पाच-सहा मिश्रणे करून ज्यात थेंब सर्वांत लहान राहतो आणि आठवड्यानंतरही वाढत नाही, ते निवडावे.

प्रमाणाबाबत हात आखडता ठेवावा. सर्फॅक्टंट ३० ते ४० टक्के घातल्यास जवळपास कोणतेही तेल पारदर्शक होते आणि छायाचित्र देखणे येते, परंतु ते तोंडावाटे रोज घेणाऱ्याच्या आतड्याला मानवत नाही. शिरेतून देण्याच्या औषधात तर सर्फॅक्टंटची निवडच निर्णायक ठरू शकते: प्रोपोफोल या भूल देण्याच्या औषधाचे सुरुवातीचे, क्रेमोफोर हे सर्फॅक्टंट असलेले रूप तीव्र अ‍ॅलर्जीच्या प्रतिक्रियांमुळे मागे घ्यावे लागले, आणि आज वापरात असलेले रूप १० टक्के सोयाबीन तेल व १.२ टक्के अंड्यातील लेसिथिन यांवर आधारलेले आहे. ट्वीनच्या जुन्या, वारंवार उघडलेल्या बाटलीत पेरॉक्साइड साठतात आणि ते औषधाचे ऑक्सिडीकरण करतात, हेही ध्यानात ठेवावे.

मायक्रोइमल्शन की नॅनोइमल्शन

नावांमुळे येथे मोठा घोटाळा होतो. मायक्रोइमल्शन उष्मागतिकदृष्ट्या स्थिर असते आणि घटक कोणत्याही क्रमाने मिसळले तरी तेच तयार होते. नॅनोइमल्शन स्थिर भासते ते केवळ विलग होण्याचा वेग मंद असल्यामुळे. ते बनवण्यासाठी ऊर्जा किंवा घटक मिसळण्याचा ठरावीक क्रम लागतो. ‘मायक्रो’ हा उपसर्ग असूनही मायक्रोइमल्शनचे थेंब अनेकदा अधिक लहान असतात. आपल्याकडे काय आहे हे ओळखण्यासाठी तेच घटक त्याच प्रमाणात उलट क्रमाने मिसळून पाहावेत, आणि नमुना तापवून पुन्हा थंड करावा. दोन्ही वेळा तोच आकार मिळाला तर ते बहुधा मायक्रोइमल्शन आहे. तसे असल्यास भरपूर पाण्यात विरळ केल्यावर त्याची रचना मोडू शकते, आणि पोटात तेच घडणार असते.

तेल, सर्फॅक्टंट व त्याला मदत करणारा सहसर्फॅक्टंट यांचे मिश्रण आणि पाणी यांचा त्रिकोणी प्रावस्था-आलेख कमी ऊर्जेच्या, म्हणजे केवळ मिसळून-ढवळून थेंब बनवण्याच्या, पद्धतीसाठी उपयुक्त आहे. त्यात तेल आणि मिश्रणाचे प्रमाण १:९ पासून ९:१ पर्यंत बदलत थेंबाथेंबाने पाणी घालतात. आलेख औषधासह आणि औषधाविना असा दोनदा काढावा, कारण औषध स्वतः आंतरपृष्ठावर बसून सीमा सरकवू शकते.

प्रत्यक्ष निर्मिती

उच्च दाबाच्या समांगीकरणासाठी, म्हणजे द्रव अरुंद फटीतून जोराने ढकलून थेंब बारीक करण्यासाठी, १०० ग्रॅमचे पुढील सूत्र सुरुवातीला घेता येईल: फेनोफायब्रेट ०.५ ग्रॅम, मध्यम साखळीचे ट्रायग्लिसराइड १० ग्रॅम, ट्वीन-स्पॅन मिश्रण ६ ग्रॅम, ग्लिसरॉल २.२५ ग्रॅम आणि उरलेले ८१.२५ ग्रॅम शुद्ध पाणी.

स्पॅनसह तेल ५० अंशांपर्यंत गरम करून त्यात औषध ढवळत विरघळवावे. द्रव पूर्ण स्वच्छ झाल्यावर त्यातील थोडा भाग रात्रभर थंड ठेवावा. सकाळी त्यात स्फटिक दिसले तर पुढे जाऊ नये, मात्रा कमी करावी. ट्वीन आणि ग्लिसरॉल पाण्यात विरघळवून तेही त्याच तापमानाला आणावे. पाण्याचा भाग ढवळत असताना तेलाची धार हळूहळू सोडावी आणि वेगवान रोटर-स्टेटरने मिनिटाला ८,००० ते १०,००० फेऱ्यांवर पाच मिनिटे फिरवावे. या कच्च्या पायसात (इमल्शनमध्ये) मोठा फेस येऊ देऊ नये, कारण हवेचे बुडबुडे समांगीकारकाचा दाब अस्थिर करतात.

त्यानंतर ८०० ते १,००० बार दाबाने पाच फेऱ्या घ्याव्यात. दर १०० बारमागे द्रवाचे तापमान साधारण अडीच अंशांनी वाढते; म्हणजे १,००० बारच्या एका फेरीत सुमारे २५ अंश. बाहेर पडणाऱ्या नळीभोवती बर्फाचे पाणी फिरते ठेवले नाही तर तिसऱ्या फेरीनंतर आपण वेगळ्याच तापमानाचा प्रयोग करीत असतो. प्रत्येक फेरीनंतर नमुना काढून आकार मोजावा. बहुतेक वेळा तिसऱ्या ते पाचव्या फेरीपर्यंत आकार खाली येतो आणि मग थांबतो. तो पुन्हा वाढू लागला, तर नव्याने तयार होणाऱ्या पृष्ठाला सर्फॅक्टंट पुरत नसून थेंब एकमेकांत मिसळत आहेत असे समजावे. दाब वाढवून त्यावर इलाज होत नाही.

समांगीकारक नसलेल्या ठिकाणी २० किलोहर्ट्झच्या प्रोबने १० ते २० मिलिलिटरचे नमुने करता येतात. कुपी बर्फात ठेवावी आणि पाच सेकंद चालू, पाच सेकंद बंद अशी लय ठेवावी. टोकाची झीज होऊन टायटॅनियमचे करडे कण नमुन्यात उतरतात; ते केंद्रापसारक यंत्राने काढल्याशिवाय आकार मोजू नये. मी स्वतः एकदा असा करडेपणा औषधाच्या विघटनाचा समजून दोन दिवस वर्णलेखनात घालवले आहेत.

मोजमाप आणि त्यातील फसगती

गतिक प्रकाश-विकिरणाने सरासरी आकार आणि पीडीआय, म्हणजे थेंबांच्या आकारांतील विविधतेचा निर्देशांक, मिळतो; पीडीआय ०.२ च्या खाली असेल तर विखुरण एकसारखे मानायला हरकत नाही. या आकड्यावर समाधान मानण्याची सवय मात्र घातक आहे. नमुना पाण्याने शंभर ते हजार पट विरळ करून तीन वेगवेगळ्या विरलतांना मोजावा, कारण आटोकाट भरलेल्या नमुन्यात प्रकाश अनेकदा विखुरतो आणि आकडा खोटा येतो. मूठभर मोठे थेंब या तंत्राला अनेकदा दिसतही नाहीत. इंजेक्शनच्या मेद-पायसांसाठी अमेरिकी औषधसंहिता सरासरी ५०० नॅनोमीटरच्या आत ठेवण्यास सांगते आणि ५ मायक्रोमीटरहून मोठ्या थेंबांचा आकारमानातील वाटा ०.०५ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. ही दुसरी अट तपासायला वेगळे उपकरण लागते.

झीटा विभव, म्हणजे थेंबाच्या पृष्ठावरील विद्युतभाराचे माप, ३० मिलिव्होल्टच्या वर हवे, हा नियम विद्यार्थी सर्वत्र लावतात. ट्वीनसारख्या अनायनी सर्फॅक्टंटच्या थेंबांवर विभव शून्याजवळ असूनही ते महिनोन्‌महिने टिकू शकतात, कारण पॉलिऑक्सिइथिलीनच्या लांब साखळ्याच थेंबांना एकमेकांपासून दूर ठेवतात. अशा नमुन्याला केवळ कमी विभवामुळे नापास करू नये.

यापेक्षा महत्त्वाची तपासणी म्हणजे औषध थेंबातच आहे का, ही. त्यासाठी दोन सोप्या गोष्टी पुरतात. नमुना ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळण्यापूर्वी आणि नंतर औषधाचे प्रमाण मोजावे. घट आली तर ते औषध मोठ्या कणांच्या रूपात बाहेर पडलेले आहे, किंवा गाळणीलाच चिकटले आहे. गाळणी बदलून पाहिले की या दोहोंतला फरक कळतो. दुसरे, एकमेकांना काटकोनात ठेवलेले ध्रुवक असलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहावा: तेल काळे दिसते, स्फटिक चमकतात. लाखो रुपयांचे उपकरण जे सांगत नाही ते काचपट्टीवरचा हा थेंब पाच मिनिटांत सांगतो. हीच पाहणी नमुना ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात आणि सामू ६.८ च्या द्रावणात शंभर पट विरळ करून, लगेच व चोवीस तासांनी, पुन्हा करावी. प्रोपिलीन ग्लायकॉल, अल्कोहोल किंवा ट्रान्सक्युटॉल यांच्या आधाराने जास्त औषध कोंबलेले असेल तर ते येथे उघडे पडते: हे सहद्रावक डेटॉलमधल्या अल्कोहोलप्रमाणे पाण्याकडे निघून जातात आणि औषध पाठीमागे स्फटिक होऊन उरते.

औषधमुक्तीच्या चाचणीतही जपावे लागते. डायलिसिसच्या पिशवीतून बाहेर येणाऱ्या औषधाचा वेग थेंबातून सुटण्याचा असतो की पडदा ओलांडण्याचा, हे त्या आलेखावरून कळत नाही. त्यामुळे औषधाचे साधे द्रावण त्याच पिशवीत भरून तुलना करणे आवश्यक आहे. फेनोफायब्रेटसाठी बाहेरच्या माध्यमात सोडियम लॉरिल सल्फेट घालावे लागते, आणि ते माध्यम थेंबांमधूनच औषध ओढून घेते हेही लक्षात असावे. तोंडावाटे देण्याच्या मेदयुक्त रूपासाठी अधिक बोलकी चाचणी पाचनाची आहे: पित्तक्षार आणि स्वादुपिंडाच्या लायपेजसह तेल पचवावे, मुक्त होणारी मेदाम्ले अल्कलीने उदासीन करीत सामू स्थिर ठेवावा आणि पचनानंतर किती औषध जलीय भागात राहिले व किती तळाशी बसले ते मोजावे. मध्यम साखळीचे तेल भराभर पचते, आणि ते पचताच औषधाचा आधार जातो. बाटलीत निर्दोष असलेले सूत्र येथे कोसळू शकते.

टिकाऊपणा

पहिल्या चाळणीत ४ आणि ४५ अंशांदरम्यान सहा आवर्तने, प्रत्येक तापमानाला किमान ४८ तास, आणि मिनिटाला ३,५०० फेऱ्यांवर ३० मिनिटे केंद्रापसारण ही प्रचलित पद्धत वापरावी. त्यातून उतरलेले नमुने ५, २५ आणि ४० अंशांवर ठेवावेत. प्रवेगित चाचणीला ४० अंश, ७५ टक्के आर्द्रता आणि सहा महिने हा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतील संकेत आहे. प्रत्येक वेळी आकाराबरोबर औषधाचे प्रमाण, सामू आणि स्फटिकांची पाहणी नोंदवावी. आकार वाढत असेल तर त्रिज्येचा घन काळासमोर मांडून पाहावा. रेषा सरळ आली तर कारण ओस्टवाल्ड परिपक्वन आहे आणि उपाय तेल बदलण्यात आहे. सरळ न येता अचानक उडी दिसली तर थेंबांचे विलीनीकरण सुरू आहे, आणि उपाय सर्फॅक्टंटकडे शोधावा. परिरक्षक म्हणून पॅराबेन घातले असतील तर त्यांचा मोठा भाग तेलात व मायसेलमध्ये (सर्फॅक्टंटच्या रेणूंच्या सूक्ष्म पुंजक्यांत) जाऊन बसतो. म्हणून जंतुरोधक क्षमता साध्या द्रावणाच्या आकड्यांवरून गृहीत न धरता तयार नमुन्यावर तपासावी.

प्राण्यांवरील अभ्यास संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी मिळाल्यानंतरच आखावा, आणि त्यात औषधाचे निलंबन, औषध नसलेले कोरे नॅनोइमल्शन व तेलातील साधे द्रावण असे तिन्ही तुलनागट ठेवावेत. शेवटचा गट बहुतेक जण वगळतात. तो नसेल तर शोषण वाढले ते थेंबाच्या आकारामुळे की केवळ तेलामुळे, हे सांगता येत नाही. फेनोफायब्रेट शरीरात शिरताच एस्टरेजांमुळे फेनोफायब्रिक आम्लात बदलते, त्यामुळे रक्तात मूळ औषध शोधू नये, हे आम्लच मोजावे. आणि रक्तनमुने बर्फावर ठेवून लवकर वेगळे करावेत.